राजीनाम्याआधी ती ट्रॉली हलवा

प्रश्न : मी जिल्ह्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, वय २९. तीन वर्षांपासून डे-केअर केमोला, म्हणजे कर्करोगाची औषधं देऊन पेशंटला त्याच दिवशी घरी सोडतात तिथे, ड्युटी आहे. ऑन्कोलॉजिस्ट सर आठवड्यातून दोनदा शहरातून येतात, त्या दिवशी बारा-पंधरा पेशंट असतात. सगळ्यांची औषधं मीच भरते, नर्सिंग स्टेशनसमोरच्या ट्रॉलीवर. वर पंखा, बाजूला एसी. सर्जिकल मास्क आणि तपासणीचे साधे ग्लोव्ह्ज मिळतात. एकच जोडी दुपारपर्यंत चालवावी लागते. गेल्या वर्षी नवव्या आठवड्यात माझा गर्भपात झाला. आता आम्ही पुन्हा विचार करतोय. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, “वीस वर्षं केमो भरतेय, मला काय झालं?” नवरा म्हणतो, उद्याच राजीनामा दे. पण घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. माझा गर्भपात या औषधांमुळे झाला का? घरी गेल्या गेल्या चार वर्षांची मुलगी गळ्यात पडते, तिला काही होईल का? माझे केस खूप गळतात, तेही यामुळेच का? आमच्या मावशी पेशंटची लघवीची भांडी उघड्या हातांनी धुतात. मैत्रीण म्हणते, गायनॅकला नाहीतर सीएसएसडीला (उपकरणं निर्जंतुक करतात त्या विभागात) बदली माग, तिथे धोका नाही. मी काय करू?
– एक सिस्टर, मराठवाडा

सिस्टर,

सगळ्यात अवघड प्रश्न आधी घेते. तुमचा गर्भपात या औषधांमुळेच झाला का, हे कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. दिवस गेल्याचं कळल्यानंतरही शंभरातल्या दहा ते वीस गर्भधारणा आपोआप थांबतात. सुरुवातीच्या आठवड्यांत हे झालं, तर निम्म्याच्या आसपास वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांमधला दोष असतं. कुठलंही काम करणाऱ्या, किंवा घरीच असणाऱ्या बाईलाही हे भोगावं लागतं. तेव्हा ‘मी वेळीच ड्युटी सोडायला हवी होती’ हा सल मनात असेल, तर तो काढून टाका. ज्या गोष्टीची कल्पना तुम्हाला कुणी दिलीच नव्हती, तिचा दोष तुमच्याकडे येत नाही.

पण कामाचा संबंध नाहीच, असंही म्हणता येत नाही. फिनलंडमधल्या परिचारिकांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा गर्भपात झाला, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत केमोची औषधं हाताळलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या आठ हजारांहून जास्त परिचारिकांच्या गर्भधारणांची माहिती तपासली गेली. पहिल्या तिमाहीत कर्करोगाची औषधं हाताळणाऱ्यांमध्ये गर्भपाताची शक्यता इतरांच्या जवळजवळ दुप्पट दिसली. तिथे हूड (हवा ओढून घेणारं कपाट), गाऊन, ग्लोव्ह्ज यांच्या सरकारी सूचना १९८६ पासून होत्या, म्हणजे या बायका काही उघड्या ट्रॉलीवर पंख्याखाली औषधं भरत नव्हत्या. असे अभ्यास एका बाईबद्दल काही सांगत नाहीत, पण काम कसं बदलायला हवं हे नक्की सांगतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुन्हा मूल हवं असं ठरलं असेल, तर औषध भरण्याचं काम आत्ताच तुमच्या हातून जायला हवं. पाळी चुकेपर्यंत थांबू नका. बाळाचे अवयव घडायला ज्या आठवड्यांत सुरुवात होते, त्यातले पहिले काही दिवस आईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. तुमच्याकडे औषध भरणारा एखादा ब्रदर किंवा फार्मसिस्ट असेल आणि त्याच्याही घरी मुलाचा विचार चालू असेल, तर त्यालाही हेच सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात आणि ही औषधं त्यांनाही सोडत नाहीत.

राजीनामा मात्र उद्या देऊ नका. त्याआधी मागण्यासारखं, आणि मिळण्यासारखं, बरंच आहे.

तुमच्या पत्रात मास्क आणि ग्लोव्ह्जचा उल्लेख आहे, पण माझं लक्ष त्या ट्रॉलीवर अडकलं. मी रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी केलीय आणि अशा ट्रॉल्या पाहिल्यात. पावडरच्या वायलमध्ये, म्हणजे रबरी बुचाच्या छोट्या बाटलीत, आपण सलाइन सोडतो तेव्हा आतला दाब वाढतो. सुई बाहेर काढताना रबराच्या बुचातून बारीक फवारा उडतो. तो इतका सूक्ष्म असतो की दिसत नाही, वास येत नाही, त्वचेला ओलावाही जाणवत नाही. अ‍ॅम्प्यूल (मान मोडून उघडायची काचेची कुपी) फोडताना तेच होतं. सिरिंजमधली हवा काढताना सुईच्या टोकावर थेंब येईपर्यंत दाबायचं, हे आपल्याला शिकतानाच हातात बसवलेलं असतं. अँटिबायोटिकला ते ठीक आहे, पण केमोला तोच थेंब ट्रॉलीवर जातो. वरून पंखा तो पसरवतो. मग रजिस्टर, पेन, मोबाइल, फ्रिजचा दांडा, आणि अकरा वाजता चहाचा कप. औषध अंगात जायला सुई टोचावी लागत नाही. कातडीतून, श्वासातून आणि हातावरून तोंडात जातं. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या काही औषधांची तर खोलीच्या तापमानालाही थोडी वाफ होते. कारखान्यातून आलेल्या वायलच्या बाहेरच्या काचेवरसुद्धा औषधाचा अंश असतो, त्यामुळे ग्लोव्ह्ज खोकं उघडण्याआधी घालायचे असतात. आपल्याकडे मेडिकलमधला मुलगा ती वायल हातात खेळवत आणून देतो, त्यालाही हे कुणी सांगितलेलं नसतं.

इन्चार्ज सिस्टरांशी वाद घालू नका. त्यांनी जे पाहिलं ते त्या खरेपणाने सांगतायत. पण केमोच्या सिस्टरांचे गर्भपात, पाळीच्या तक्रारी, पुढे झालेले आजार यांची वही आपल्याकडे कुठे ठेवली जाते? कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षं लागू शकतात. तोवर ती सिस्टर तीन हॉस्पिटलं बदलून, कदाचित नोकरी सोडून, सासरी-माहेरी कुठेतरी असते. तिचा आजार या खोलीशी जोडणारं कुणी उरत नाही. याउलट जिथे मुद्दाम शोध घेतला, तिथे खुणा सापडल्या. १९७९ मध्ये फिनलंडच्याच संशोधकांनी केमो हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली, तर तिच्यात जनुकांमध्ये बदल घडवण्याची क्षमता आढळली. औषध पेशंटला दिलं होतं, आणि अंश सिस्टरच्या शरीरात होता.

ही औषधं कुठल्या कुळातली आहेत, हेही इन्चार्ज सिस्टरांना आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरांना माहीत असेलच, पण आठवण करून द्यायला हरकत नाही. केमोथेरपीची सुरुवात झाली ती युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या अभ्यासातून. १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात नायट्रोजन मस्टर्ड पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं, आणि आपण रोज भरतो ते सायक्लोफॉस्फामाइड त्याच घराण्यातलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फलान आणि क्लोरॅम्ब्युसिल यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. डॉक्सोरुबिसिन म्हणजे आपलं लाल औषध, आणि सिस्प्लॅटिन, ही त्याखालच्या गटात, म्हणजे बहुधा कर्करोग घडवणारी. पेशंटच्या बाबतीत हा धोका पत्करण्यात अर्थ असतो, कारण त्याचा जीव वाचतो किंवा आयुष्य वाढतं. तुमच्या अंगात जाणारा अंश फार थोडा असतो, पण तो आठवड्यामागून आठवडा, पाच-सहा औषधांचा एकत्र, आणि तुम्हाला त्यातून काहीही मिळत नाही. ‘एवढं चालतं’ अशी सुरक्षित मर्यादा या औषधांसाठी कुणी ठरवून दिलेली नाही.

आता उपाय. सगळ्यात आधी औषध भरण्याची जागा. ते काम बायोसेफ्टी कॅबिनेटमध्येच व्हायला हवं. त्यात हवा आत ओढली जाते, गाळली जाते आणि शक्यतो नळीवाटे इमारतीबाहेर सोडली जाते. इथे एक फसगत नेहमी होते. अनेक हॉस्पिटलं “आमच्याकडे लॅमिनार आहे” असं अभिमानाने सांगतात. पण आडव्या झोताच्या लॅमिनारमध्ये हवा मागून पुढे, थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ते यंत्र औषध निर्जंतुक ठेवतं आणि फवारा सिस्टरच्या नाकात सोडतं. केमोसाठी ते उघड्या टेबलापेक्षाही वाईट. तुमच्याकडे असं काही आणायचं ठरलं, तर ही गोष्ट खरेदीआधी मोठ्याने सांगा, कारण विकणारा सांगेलच असं नाही.

डॉक्टर म्हणतील, आठवड्यातून दोन दिवसांसाठी एवढा खर्च परवडत नाही. तो त्यांचा खरा प्रश्न आहे, मी तो उडवून लावणार नाही. पण मग औषधं तयार करण्याचं काम जिथे कॅबिनेट आणि प्रशिक्षित फार्मसिस्ट आहे अशा जवळच्या केंद्राकडे सोपवता येतं का, हे पाहायला हवं. गावात केमो देणारी दोन-तीन हॉस्पिटलं असतील, तर सगळ्यांत मिळून एक तयारीची खोली होऊ शकते. वायल आणि सिरिंज यांच्यामध्ये बसवायची बंद जोडणीची साधनं मिळतात, त्यांतून फवारा बाहेर पडत नाही. ती कॅबिनेटची जागा घेत नाहीत, पण कॅबिनेट येईपर्यंत त्यांनी मोठा फरक पडतो. निदान एवढं तर या आठवड्यात होऊ शकतं : ट्रॉली नर्सिंग स्टेशनवरून हलवून दार बंद होणाऱ्या वेगळ्या खोलीत न्यायची, पंखा आणि एसी बंद, ये-जा बंद, आत खाणंपिणं आणि मोबाइल बंद.

या कामी तुमचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे शहरातून येणारे ऑन्कोलॉजिस्ट सर. ते ज्या मोठ्या संस्थेत शिकले, तिथे औषधं कशी भरतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. ते आल्याशिवाय तुमचं डे-केअर चालत नाही. मेट्रनच्या दहा अर्जांनी जे होत नाही, ते त्यांच्या एका वाक्याने होऊ शकतं. ओपीडी संपल्यावर पाच मिनिटं मागा आणि त्यांना औषधं भरली जातात ती जागा प्रत्यक्ष दाखवा. पुष्कळदा त्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते. ते येतात तेव्हा पिशव्या लटकलेल्या असतात.

ग्लोव्ह्जबद्दल. केमोसाठी चाचणी केलेले, पावडर नसलेले नायट्रिलचे ग्लोव्ह्ज मिळतात, पाकिटावर तसा उल्लेख असतो. व्हिनाइलचे अजिबात उपयोगाचे नाहीत. दोन जोड्या एकावर एक, आतली गाऊनच्या बाहीखाली, बाहेरची बाहीवर. अर्ध्या तासाने बदलायच्या, आणि औषध सांडलं किंवा भोक पडलं तर लगेच. दुपारपर्यंत एकच जोडी चालवली, तर तुम्ही औषधाने माखलेला हात सगळ्या वॉर्डभर लावत फिरता. गाऊन मागे बांधायचा, आतून प्लॅस्टिकचा थर असलेला, एकदा वापरून टाकायचा; कापडी गाऊन औषध शोषतो आणि अंगाला चिकटवून ठेवतो. सर्जिकल मास्क या फवाऱ्याला अडवत नाही. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. ही सगळी साधनं लागतातच, पण ती शेवटची भिंत आहेत. आधीच्या भिंती नसतील, तर नुसत्या मास्कवर विसंबून राहू नका.

पैसे न लागणाऱ्या काही सवयी लगेच बदला, आणि तुमच्या जागी जी येईल तिलाही शिकवा. आयव्ही सेट केमोच्या पिशवीला जोडायच्या आधी साध्या सलाइनने भरून घ्या, म्हणजे हवा काढताना औषध टपकणार नाही. पिशवीत सेट टोचायचा तो टेबलावर आडवी ठेवून. स्टँडवर लटकवून, डोळ्यांच्या उंचीवर नाही. सिरिंज घट्ट पिळून बसणारी, लुअर लॉकची वापरा. वायलमध्ये सलाइन एकदम ढकलू नका. थोडं सलाइन आत, थोडी हवा बाहेर, असं करत आतला दाब कमी ठेवा. संपलेली पिशवी आणि सेट वेगळे न करता एकत्रच टाका. सुईवर टोपण परत बसवू नका. कामाची जागा स्पिरिटने पुसली की ती स्वच्छ झाली असं वाटतं, पण स्पिरिटने ही औषधं निष्प्रभ होत नाहीत, फक्त पसरतात. आधी सोडियम हायपोक्लोराइट, मग साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि स्पिरिट हवंच असेल तर सगळ्यात शेवटी. ग्लोव्ह्ज काढल्यावर हात साबण आणि पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझरने औषध निघत नाही. अंगावर सांडलं तर कपडा लगेच काढून साबण-पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने किंवा सलाइनने धुणं आणि लगेच डॉक्टर. आणि प्रत्येक वेळी घटना रजिस्टरमध्ये लिहा. न लिहिलेली घटना मागे कुणाला दाखवता येत नाही.

तुम्ही मावशींबद्दल लिहिलंत, याबद्दल तुमचं मनापासून कौतुक वाटतं. केमोची पत्रं मला येतात ती पेशंटची, नातेवाइकांची, क्वचित सिस्टरांची. मावशीचं पत्र येत नाही, आणि तिच्या वतीनेही सहसा कुणी लिहीत नाही. पेशंटच्या शरीरात गेलेलं औषध लघवी, विष्ठा, उलटी आणि घाम यांवाटे बाहेर येतं. निदान ४८ तास हे सगळं औषधासारखंच समजायचं असतं, काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही जास्त काळ. मावशी भांडं ओतते, तेव्हा शिंतोडा तिच्या हातावर आणि चेहऱ्यावर येतो. चादर झटकते, तेव्हाही. ती बहुतेक वेळा कंत्राटावर असते, हजेरी एका ठेकेदाराकडे, काम दुसऱ्याच्या हॉस्पिटलात. त्यामुळे ट्रेनिंगच्या यादीत तिचं नाव नसतं. तिला पोथीभर सांगायची गरज नाही. दोन जोड्या ग्लोव्ह्ज आणि प्लॅस्टिकचा एप्रन. भांड्यावर झाकण ठेवूनच न्यायचं, हळू ओतायचं, फ्लश करताना कमोडचं झाकण बंद. पुरुष पेशंटला बसूनच लघवी करायला सांगायचं. माखलेली चादर न झटकता पिशवीत, त्यावर खूण, वेगळी धुवायला. मावशींच्या पोटात बाळ असेल, किंवा ती अंगावर पाजत असेल, तर तिला या कामावर ठेवायचं नाही. हे सगळं तुम्ही तिच्याशेजारी उभं राहून एकदा करून दाखवलंत, तर ती करेल. माझा अनुभव असा की, ‘का’ हे नीट सांगितलं की मावशी आणि मामा नियम आपल्यापेक्षा काटेकोर पाळतात. आणि तेच दोन दिवसांचे नियम घरी जाणाऱ्या पेशंटच्या सुनेला, लेकीला सांगायला विसरू नका, कारण घरी मावशी म्हणजे तीच.

कायद्याचा आधार मावशींसाठी तर अगदी थेट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत केमोची औषधं आणि त्यांनी माखलेली प्रत्येक वस्तू, वायल, अ‍ॅम्प्यूल, सेट, ग्लोव्ह्ज, पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात टाकायची आहे. तिच्यावर सायटोटॉक्सिकची (पेशींना घातक औषधांची) खूण हवी, आणि ती १२०० अंश सेल्सिअसच्या वर जाळली जावी म्हणून वेगळी द्यायची आहे. याच नियमांत हॉस्पिटलच्या मालकावर जबाबदारी टाकलीय : कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला नोकरीवर घेताना आणि दरवर्षी प्रशिक्षण, दरवर्षी आरोग्य तपासणी, संरक्षक साधनं, हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस. सिस्टरही यात येते, मावशीही. तुमच्या हॉस्पिटलला एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाचं प्रमाणपत्र) मिळवायचं असेल किंवा मिळालेलं टिकवायचं असेल, तर केमोची औषधं सुरक्षित पद्धतीने तयार होतात का, हे तिथेही तपासलं जातं. सरकारी ठिकाणी काम करणाऱ्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांमध्ये कर्करोगाचं डे-केअर केंद्र, आणि त्यातली २०० पहिल्याच वर्षी, अशी घोषणा झाली. पेशंटला केमोसाठी मुंबईला परळच्या फुटपाथवर मुक्काम करावा लागू नये, याहून चांगली गोष्ट नाही. पण खुर्च्या आणि स्टँड येतील, त्याबरोबर औषध भरण्याची खोलीही आली पाहिजे. ती मागायची वेळ खोली बांधताना असते.

आता अर्ज. तोंडी सांगितलेलं राहून जातं, म्हणून लेखी द्या. मात्र खासगी नोकरीत ‘मूल हवंय’ असं लिहून देणं प्रत्येकीला परवडत नाही, आणि तसं लिहायची गरजही नाही. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून ‘वैद्यकीय कारणास्तव केमोथेरपीची औषधं हाताळू नयेत’ एवढीच चिठ्ठी घ्या आणि सोबत असं लिहा :

‘मी डे-केअर विभागात केमोथेरपीची औषधं तयार करण्याचं व देण्याचं काम करते. सोबत जोडलेल्या वैद्यकीय सल्ल्यानुसार औषधं तयार करणे, देणे, सांडलेलं औषध साफ करणे आणि केमो घेतलेल्या रुग्णांचं मलमूत्र हाताळणे या कामांऐवजी मला दिनांक … पासून अन्य विभागात ड्युटी द्यावी. तसेच विभागातील सर्व कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी बायोसेफ्टी कॅबिनेट, केमोसाठीचे ग्लोव्ह्ज व गाऊन आणि स्पिल किट (सांडलेलं औषध साफ करण्याचा संच) उपलब्ध करून द्यावेत, ही विनंती.’

मेट्रन आणि वैद्यकीय संचालक दोघांच्या नावे द्या, तारखेसह पोच घ्या, प्रत घरी ठेवा. शक्य असेल तर शेवटचं वाक्य वेगळ्या अर्जात टाकून त्यावर विभागातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, इन्चार्ज सिस्टरांची पहिली. एकटीची तक्रार ही नाजूकपणा ठरवली जाते, सगळ्यांची मागणी तशी ठरवता येत नाही. टीएनएआयच्या (परिचारिकांच्या देशपातळीवरच्या संघटनेच्या) महाराष्ट्र शाखेच्या सदस्य असाल, तर त्यांच्याही कानावर घाला. महिनाभरात काहीच हललं नाही, तर मात्र नवऱ्याचं म्हणणं बरोबर आहे. दुसरी नोकरी बघा, ती हातात आल्यावर राजीनामा द्या, आणि मुलाचा विचार तोवर थांबवा. हप्त्याची ओढाताण काही महिन्यांची आहे.

मुलीबद्दल. हॉस्पिटलात कपडे बदला, चपला तिथेच ठेवा, युनिफॉर्म पिशवीत बांधून आणा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा. जमलं तर निघण्याआधी, नाहीतर घरी पोहोचल्यावर अंघोळ. मोबाइलही पुसा, तो दिवसभर त्या ट्रॉलीशेजारी असतो. मग तिला खुशाल जवळ घ्या. तुम्ही तिला आजवर जवळ घेतलंत म्हणून तिला काही झालं असेल, असं समजून तिच्या तपासण्या करत बसू नका.

केस गळण्याचं कारण केमो असेलच असं नाही. गर्भपातानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, रक्त कमी असलं तरी गळतात, थायरॉइडने गळतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या. सीबीसी, यकृताच्या तपासण्या आणि लघवी दरवर्षी करून तो कागद जपून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. पण किती औषध अंगात गेलं, हे आपल्या नेहमीच्या लॅबमधल्या कुठल्याही चाचणीत कळत नाही. म्हणून सीबीसी चांगला आला की सगळं ठीक, असा निष्कर्ष कुणी काढू लागलं, तर तो मान्य करू नका.

शेवटी बदलीचा प्रश्न. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण सीएसएसडी अजिबात घेऊ नका. तिथे इथिलीन ऑक्साइड आणि निर्जंतुकीकरणाची इतर रसायनं असतात. २०१२ च्या ज्या अभ्यासाबद्दल वर लिहिलं, त्यात अशी रसायनं हाताळणाऱ्यांमध्ये बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातांचं प्रमाण जास्त दिसलं होतं. एक्स-रे असणाऱ्या कॅथ लॅबलाही (अँजिओग्राफीच्या खोलीलाही) नको म्हणा. गायनॅक वॉर्ड ऐकायला सुरक्षित वाटतो, पण गर्भनलिकेत गर्भ राहिला की मेथोट्रेक्सेट या केमोच्याच औषधाचं इंजेक्शन तिथेच भरलं जातं, साध्या ट्रेमध्ये, आणि गर्भपातासाठी वापरतात त्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तिथेच मोडल्या जातात. युरॉलॉजीत मूत्राशयात सोडायची कर्करोगाची औषधं असतात, नेफ्रोलॉजीत आणि सांधेदुखीच्या पेशंटला सायक्लोफॉस्फामाइड देतात. या ठिकाणी ‘केमो’ हा शब्दच कुणी उच्चारत नसल्याने काळजीही कुणी घेत नाही. ओपीडी, जनरल सर्जरीचा वॉर्ड, लसीकरण किंवा इन्फेक्शन कंट्रोलचं काम मागा. कुठलाही विभाग स्वीकारण्याआधी तिथलं औषधांचं कपाट उघडून बघा. आणि या मधल्या दिवसांत रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासून घ्या. लस घ्यावी लागली तर त्यानंतर निदान एक महिना थांबायचं असतं. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून आत्तापासूनच सुरू करा.